पाणी कुठे मुरते?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, तेव्हा माझ्याकडून मधुमेहावर किंवा उच्च रक्तदाबावर काहीतरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर लिहिणारे माझ्याहून अधिकारी सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते आमच्या गॅरेजच्या भिंतीला गेलेल्या एका तड्याविषयी आणि त्या भिंतीखालून जाणाऱ्या, आम्हाला ठाऊकच नसलेल्या एका नळाविषयी. आपल्यापैकी अनेकांनी निवृत्तीचा विचार करून गावाबाहेर जागा घेतल्या आहेत, काहींनी दुसऱ्याने बांधलेली घरे विकत घेतली आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल असे काही या हकिकतीत असेल, असे मला वाटते.

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून मराठी माणसाला त्याचे नाव परिचित असते. अलीकडच्या पिढीला ते ठाऊक आहे ते २००९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्यापीठाच्या आवारामुळे. विद्यापीठ आले, रस्त्याची रहदारी वाढली आणि तुरीची व ज्वारीची शेते पाहता पाहता भूखंडांत विभागली गेली. अशाच एका भूखंडावरचे, दुसऱ्या कुटुंबाने बांधलेले घर आम्ही २०२१ साली घेतले. मूळ मालक मुलाकडे परगावी कायमचे गेले होते. घर नीटनेटके होते, हवा उत्तम होती, अंगणात कडुलिंब होता. नळ आणि मैलापाणी यांचा नकाशा मागावा, एवढे आम्हाला सुचले नाही. तो कुणी काढलेला होता की नाही, देव जाणे.

आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ रान, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीवर घर बांधायचे आणि काळीत पेरायचे, हा संकेत इतका रूढ होता की गावाच्या रहिवाशांना 'पांढरी' असेच म्हणत. आपल्या या सीमाभागातही जुनी गावठाणे पाहिली तर ती बहुधा उंचवट्यावर, पांढरट चुनखडीच्या किंवा मुरमाड मातीवर वसलेली दिसतात. काळ्या मातीला इकडे कानडीत 'एरी' म्हणतात. एरीत घर बांधू नये, हे कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नसे. आमच्या पिढीला मात्र ते कुणीतरी सांगायला हवे होते. रस्त्याकडेचे बहुतेक भूखंड हे कालपरवापर्यंतचे काळे रान आहे.

काळी माती ही बसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याचे कण सूक्ष्म पापुद्र्यांचे असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. म्हणून ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना ज्या भेगा पडतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो, हे आपण लहानपणी करून पाहिले आहे. शेताला ही भेग उपकारक असते. पहिल्या पावसाचे पाणी खोल उतरते आणि वरची भुसभुशीत माती भेगांत पडून जमीन आपोआप उलथली जाते. त्याच जमिनीवर विटांची भिंत उभी केली की प्रकरण निराळे होते. भिंत जितकी हलकी तितका त्रास अधिक, ही गोष्ट मला प्रथम उलटी वाटली. तीनमजली इमारतीचे वजन मातीच्या फुगण्याला काही प्रमाणात दाबून धरू शकते. गॅरेज, कुंपणाची भिंत, बाहेरचे स्नानगृह यांच्यापाशी तेवढे वजन नसते. माती त्यांना अलगद उचलते आणि अलगद खाली ठेवते. मात्र सगळीकडे सारखे उचलत नाही.

या मातीची परीक्षा आपल्या दवाखान्यातही करता येते, म्हणून सांगतो. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून तिचे दहा दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यायचे. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत ते टाकून एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचे, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवून द्यायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंच्या आकारमानातील फरकाला रॉकेलमधील आकारमानाने भागून शंभराने गुणले की फुगण्याची टक्केवारी मिळते. भारतीय मानकातही हीच कृती आहे. पन्नासच्या वर आकडा गेला की माती अतिशय फुगणारी समजतात. आमच्या अंगणातील माती रॉकेलच्या नळीत १२ मिलिलिटरवर बसली आणि पाण्याच्या नळीत २१ वर. म्हणजे ७५ टक्के.

आता तड्याकडे वळतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये गॅरेजच्या लांब भिंतीवर, जोत्यापासून निघून विटांच्या सांध्यासांध्यांतून जिन्यासारखा तिरका वर चढत गेलेला तडा माझ्या लक्षात आला. घर आणि गॅरेज जिथे भिडतात तिथे आणखी एक उभी, सरळ फट होती. दाखवून घ्यावे म्हणून मी तीन जणांना बोलावले. पहिल्या गृहस्थांनी दोन्ही भेगा सिमेंटने भरून वर रंग देण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने भूकंपाचे नाव काढले. आपल्या भागात ही शंका कुणी हसण्यावारी नेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्यापैकी अनेकांनी रुग्णालयांत काढली आहे, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यातील गडीकेश्वर परिसराला बसलेले धक्के तर ताजेच होते. परंतु भूकंपाने भिंत डावीउजवीकडे हिंदकळते आणि खिडक्यादारांच्या मधल्या भागांत बहुधा फुलीच्या आकाराचे तडे जातात; आणि गावठाणातली दगडमातीची, वर माळवदाचे ओझे असलेली जुनी घरे जशीच्या तशी उभी असताना भूकंपाने आमच्या गॅरेजचीच एक भिंत निवडावी, हे संभवत नव्हते. तिसरे एक कंत्राटदार होते. त्यांनी गॅरेजचा दर्शनी कोपरा खचला आहे असे निदान करून त्याच्याखाली काँक्रीट भरण्याचे अंदाजपत्रकच हातात ठेवले. आकडा बराच मोठा होता.

मी जवळजवळ होकार दिला होता. अडवले ते एका वयस्क मेस्त्रींनी. ते मुळात आमच्या शेजाऱ्यांकडे फरशी बसवायला आले होते. त्यांनी तड्यावरून बोट फिरवले, खाली बसून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ही खाली रुंद हाय अन् वर बारीक. पुढचं खचलं असतं तर वर रुंद झाली असती. पाणी कुठं मुरतंय ते बघा आधी."

मेस्त्रींच्या या एका वाक्यात जेवढे स्थापत्यशास्त्र होते, तेवढे मला नंतर पुस्तके चाळून पटले. एखाद्या भिंतीचे टोक खाली गेले तर भिंत पालथ्या धनुष्यासारखी वाकते, ताण वरच्या कडेला येतो आणि भेग वर रुंद होते. टोक वर उचलले गेले तर भिंत उताण्या धनुष्यासारखी वाकते आणि भेग तळाशी रुंद होते. आमची भेग जोत्याजवळ नऊ मिलिमीटर होती आणि छताखाली केसाएवढी. घरे तपासणारे ब्रिटिश तज्ज्ञ पाच मिलिमीटरपर्यंतच्या भेगेला किरकोळ आणि पाच ते पंधरा मिलिमीटरच्या भेगेला मध्यम समजतात. म्हणजे आमचा रुग्ण अत्यवस्थ नव्हता. पण कुठला अवयव आजारी आहे, हेच तिघांनी चुकीचे सांगितले होते. दर्शनी कोपरा जागच्या जागी होता. मागचा कोपरा वर आला होता.

खात्रीसाठी मेस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही कोपऱ्यांची पातळी काढली. जोत्याचा मागचा कोपरा पुढच्यापेक्षा १८ मिलिमीटर उंच निघाला. बांधताना थोडाफार फरक राहिला असेलही, पण शहाबादी फरशीची ओळ डोळ्यांना दिसेल इतकी मागे चढली होती. आणि मग मला एक गोष्ट दिसली, जी मी महिनाभर रोज पाहत होतो. मे महिन्याचे दिवस, अंगणातील सगळे गवत वाळून पिवळे पडलेले, जमीन भेगाळलेली. फक्त गॅरेजच्या मागच्या कोपऱ्याला लागून दोन-तीन हात जागेत हरळी हिरवीगार होती. सौभाग्यवती तिथल्या दूर्वा पूजेसाठी कौतुकाने खुडत असे.

उभी फट मात्र निरुपद्रवी होती. मूळ घराचे खांब बांधणाऱ्याने नऊ फूट खोल, थेट कठीण मुरमापर्यंत नेले होते, ही गोष्ट मेस्त्रींना ठाऊक होती; त्या कामावर ते स्वतः होते. गॅरेज चार-पाच वर्षांनी मागाहून जोडले, तेव्हा दोन फुटांचा चर काढून काळ्या मातीतच दगड भरले. एकाचा पाय खडकावर, दुसऱ्याचा फुगणाऱ्या मातीवर. अशा दोन बांधकामांनी एकमेकांना चिकटून राहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या दोहोंमध्ये सांधा सोडून तो लवचिक पदार्थाने भरायला हवा होता. ती फट म्हणजे बांधणाऱ्याने न सोडलेला सांधा निसर्गाने सोडला, एवढेच. सिमेंटने ती बुजवली असती तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी पडली असती.

प्रश्न उरला तो पाण्याचा. गॅरेजमागे नळ नव्हता. पावसाळा अजून यायचा होता. मैल्याचा शोषखड्डा त्या कोपऱ्यापासून दोन-अडीच मीटरवर होता खरा, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. पण आमच्या अंगणात आणखी एक वस्तू होती, जिच्याकडे आम्ही बागेची टाकी म्हणून पाहत आलो होतो : गॅरेजमागे, पुरुषभर उंचीच्या दगडी चौथऱ्यावर ठेवलेली प्लॅस्टिकची काळी टाकी. राखणदार सकाळी मोटारींची दोन बटणे दाबत असे. दोन का, असे आम्ही त्याला कधी विचारले नाही. मूळ मालकांनी दोन दाबायला सांगितली होती, म्हणून तो दोन दाबत होता. एके दिवशी गच्चीवरच्या टाकीची चावी दुरुस्तीसाठी बंद केली, स्नानगृहातील पाणी थांबले, आणि स्वयंपाकघरातील नळ मात्र वाहतच राहिला.

मग एकेक उलगडा होत गेला. कूपनलिकेचे पाणी जड म्हणून मूळ मालकांनी ते फक्त गच्चीवर, स्नानासाठी व धुण्यासाठी नेले होते. ग्रामपंचायतीचे नळाचे पाणी एक दिवसाआड हौदात पडे, तिथून छोट्या मोटारीने चौथऱ्यावरच्या टाकीत चढे आणि तिथून स्वयंपाकघरात जाई. योजना शहाणपणाची होती. फक्त टाकी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पुढे गॅरेज उभे राहिले, आणि ती नळी लोखंडी, जस्त चढवलेली, काळ्या मातीत पुरलेली, गॅरेजच्या मागच्या कोपऱ्याखालून जात होती.

रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या आत खडूने पाण्याची रेघ मारली. सकाळी पाणी चार बोटे खाली गेले होते. टाकीच्या व्यासावरून हिशेब केला तर एका रात्रीत चाळीसेक लिटर पाणी कुठेतरी मुरत होते. रोज रात्री, किती वर्षे कोण जाणे.

येथपर्यंत हे सारे मला एखाद्या रंजक कोड्यासारखे वाटत होते. त्याच आठवड्यात आमच्या लेकीचा पुण्याहून दूरध्वनी आला. तिला सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणासाठी माहेरी यायला निघणार होती. फोन ठेवला आणि माझ्या मनात तो शोषखड्डा आणि ती गळकी नळी प्रथमच एकत्र आली.

नळी पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते तोवर गळतीतून पाणी बाहेर जाते. टाकी रिकामी झाली की दाब संपतो. मग नळीभोवतीच्या मातीत जे साचलेले असेल, ते त्याच छिद्रातून आत येते. पुन्हा टाकी भरली की पहिला लोंढा ते घेऊन स्वयंपाकघराच्या नळापर्यंत जातो. आमची टाकी, एक दिवसाआड येणारे पाणी आणि रोजची गळती यांमुळे, आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोरडी पडत होती. भोवतालची माती शोषखड्ड्याच्या पाण्याने भिजलेली होती.

मी चार बाटल्या आणवल्या. पाण्यातील मैलादूषण ओळखण्याची हायड्रोजन सल्फाइडची ही सोपी चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. पाणी बाटलीत भरून उबदार जागी ठेवायचे, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळे पडते. पहिली बाटली कूपनलिकेची, दुसरी हौदाची, तिसरी चौथऱ्यावरच्या टाकीची, चौथी स्वयंपाकघरातील नळाची. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तीन जशाच्या तशा होत्या. चौथी शाईसारखी काळी झाली होती.

ते पाणी आम्ही सहा महिने पीत होतो. आमच्या घरात शुद्धीकरणाचे यंत्र होते, पण भांडी, भाज्या, कणीक, दात घासणे हे सारे थेट नळावर चालत असे. आम्हा दोघांना कधीमधी पोट बिघडण्यापलीकडे काही झाले नाही, आणि ते आम्ही वयावर ढकलले होते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत अशी ढिलाई चालत नाही. ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून येते. एरवी ती बहुधा आपोआप बरी होते, परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तिने मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकते. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळातील दिल्लीच्या काविळीच्या साथीने, जिच्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, आपल्या देशाला हा धडा दिला. २०१२ मध्ये इचलकरंजीने तो पुन्हा गिरवला. ते सर्व मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. माझ्या स्वतःच्या ओट्यावरच्या नळाला तो लागू पडेल, असे मला वाटले नव्हते.

घरातील अपरिचित नळजोडण्यांनी माणसे दगावल्याचे वैद्यकीय इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण शिकागोचे आहे. १९३३ साली तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते. दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेले पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आमांशाने आजारी पडू लागले. सुमारे १४०० रुग्ण झाले आणि ९८ दगावले. पाहुणे देशभर पांगल्यामुळे अनेकांचे निदान आंत्रपुच्छदाह म्हणून झाले आणि काहींवर शस्त्रक्रियाही झाल्या. शेवटी कारण सापडले ते जुन्या इमारतींतील नळांत : मैल्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जोडण्या जागोजागी एकमेकींत गुंतल्या होत्या. त्या हॉटेलांतील कुणालाही भिंतीआड काय आहे, याची पूर्ण कल्पना नव्हती. शस्त्रवैद्यांनी रुग्णाचे पोट उघडण्याऐवजी कुणीतरी भिंत उघडायला हवी होती.

लेकीला मी खरे कारण सांगितले आणि दोन आठवडे उशिरा यायला सांगितले. तिला थोडे वाईट वाटले. "बाबा, माहेरचं पाणी पिऊ नको म्हणताय?" असे ती फोनवर हसत म्हणाली, पण तिच्या आईने त्या दिवशी देवघरातील तांब्यापासून सगळी भांडी उकळत्या पाण्यातून काढली.

खोदकामाला दोन दिवस लागले. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्याशी साडेतीन फुटांवर नळी सापडली. सांध्यापाशी ती गंजून पातळ झाली होती आणि आटा उलून फट पडली होती. भोवतीची माती लोण्यासारखी मऊ होती आणि तिला शोषखड्ड्याचा वास येत होता. आधी काय झाले असेल, असे मी मेस्त्रींना विचारले. मातीने हलून सांधा मोडला, की सांधा गळून मातीला हलवले? त्यांनी दोन्ही हात उलटे केले. आपल्या शास्त्रात ज्याला आपण दुष्टचक्र म्हणतो, ते हेच. थोडी हालचाल, थोडी गळती, त्यामुळे अधिक फुगवटा, त्यामुळे अधिक हालचाल.

दुरुस्ती अगदी साधी होती आणि कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाच्या चौथाईत बसली. जुनी नळी दोन्ही टोकांना कापून बुचे मारून मातीतच सोडून दिली. स्वयंपाकघराची नवी नळी भिंतीवरून, डोळ्यांना दिसेल अशी नेली. दिसायला ती सुंदर नाही, पण गळली तर त्याच दिवशी कळते. शोषखड्डा बंद करून अंगणाच्या दूरच्या, उताराच्या टोकाला नवा केला. हौद, टाकी आणि नळी क्लोरीनने धुतल्या. नळाशी मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम येते की नाही, ते तपासले. बाटल्यांची चाचणी तीनदा केली, तिन्ही वेळा चौथी बाटली स्वच्छ राहिली. मग लेक आली. ऑगस्टमध्ये कलबुर्गीत तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. गॅरेजच्या आणि घराच्या भोवती चार-पाच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंद पट्टा केला आणि त्याच्याखाली काळी माती काढून मुरूम ठोकून भरला, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी थबकणार नाही.

मुरमाचा हा उपाय आपल्याच भूमीत शास्त्रशुद्ध झाला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर दिला तर खालच्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो, हे दाखवून दिले आणि कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर त्याचा उपयोग झाला. नवे घर बांधणाऱ्यांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काढलेले, तळाशी कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खुंट तर आता सर्वत्र रूढ आहेत. ऋतूंनुसार हलणाऱ्या थराच्या खाली, सुमारे साडेतीन मीटरवर, ते आपला पाय रोवतात. ज्यांचे घर व्हायचे आहे त्यांनी यावर खर्च करावा. ज्यांचे गॅरेज झालेले आहे, त्यांना पाण्याशीच व्यवहार करावा लागेल.

पाणी तोडणे एवढाच त्याचा अर्थ नाही, हे मला आमच्या पुतण्याने शिकवले. तो अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. तिथली जमीनही काळी, फुगणारी, थेट आपल्यासारखी. तिथे उन्हाळ्यात लोक घराच्या पायाभोवती पाझरणाऱ्या नळ्या टाकून पायाला हळूहळू पाणी देतात. मी इथे पाण्याचा थेंब पायाजवळ येऊ नये म्हणून धडपडत होतो आणि तो तिकडे पैसे देऊन पायाला पाणी पाजत होता. पण विचार केला तर दोघांचे सूत्र एकच आहे. माती सगळीकडे सारखी ओली राहिली किंवा सारखी कोरडी राहिली तर घर बिघडत नाही. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा झाला की बिघडते. कडुलिंबाचेही तसेच. घराजवळचे मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी एका बाजूची माती कोरडी करते. आमचा कडुलिंब सुदैवाने पुरेसा दूर होता, तो वाचला.

तडा बुजवण्याची घाई मात्र मेस्त्रींनी करू दिली नाही. ओली माती वाळून खाली बसायला ऋतूंचे एक पूर्ण चक्र जावे लागते, तोवर भरलेले सिमेंट पुन्हा फुटते. मी सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने तड्यावर आडवी चिकटवली. तड्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांतील अंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजू लागलो आणि तपासणीच्या डायरीत, रुग्णांच्या नोंदींशेजारी, लिहू लागलो. पहिली काचपट्टी तीन आठवड्यांत तडकली. पावसाळ्यात भोवतालची सगळी माती फुगली तेव्हा तडा पाच मिलिमीटरवर आला. त्यापुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा तो पुन्हा उघडेल अशी भीती होती, तेव्हा तो साडेपाचवर थांबला, आणि मागच्या कोपऱ्याची उंची १८ वरून सातवर उतरली होती. २०२४ च्या जानेवारीत मेस्त्रींनी फुटलेल्या विटा काढून, सांध्यांत बारीक सळ्या घालून भिंत शिवली. उभी फट त्यांनी मऊ भरणीने भरली आणि वर एक पट्टी लावली.

राखणदार आता दोन बटणे का दाबायची हे जाणतो. मी घराचा नळ-नकाशा काढून मोटारीच्या बटणांशेजारी काचेखाली लावला आहे : कुठली चावी कशाची, कुठली नळी कुठून, शोषखड्डा कुठे. हे घर उद्या दुसऱ्या कुणाकडे गेले तर तो कागद भिंतीवरच सोडून जायचा, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे.

दुसरी काचपट्टी अजून अखंड आहे. यंदाच्या मे महिन्यात गॅरेजमागची हरळी सगळ्या अंगणाबरोबर वाळली, आणि सौभाग्यवतीला दूर्वा आणायला विद्यापीठाच्या बाजूला जावे लागले.